ताजच्या दारातला दिवा

ऑगस्ट २०१५ मध्ये ताजमहालाच्या मुख्य दरवाजात टांगलेलं तांब्याचं झुंबर खाली कोसळलं. उंची सुमारे सहा फूट, रुंदी चार फूट, वजन साठ किलोच्या आसपास. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पुरातत्त्व खात्याने चौकशी लावली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदाच कळलं की त्या दरवाजात असा काही दिवा होता.

यात पाहणाऱ्यांचा दोष नाही. लाल दगडाच्या त्या शंभर फुटी दरवाजात शिरणाऱ्या माणसाची नजर समोरच्या कमानीतून दिसणाऱ्या पांढऱ्या घुमटाकडे लागलेली असते. डोक्यावर काय लोंबतंय हे पाहायला कोण थांबतो? प्रवेशद्वारातल्या दिव्याचं दुर्दैव हेच. तो नसला तर दार ओकंबोकं दिसतं, आणि असला तर कुणाचं लक्ष जात नाही. तरीही जगभर मोठमोठ्या वास्तूंच्या दारांसाठी असे दिवे मुद्दाम घडवून घेतले गेले, आजही घेतले जातात. तयार माल आणून तिथे चालत नाही. कमानीची उंची, दगडाचा रंग, वाऱ्याची दिशा आणि टांगायची जागा दर ठिकाणी वेगळी असते.

ताजच्या दारातलं ते झुंबर लॉर्ड कर्झनच्या काळातलं होतं. मराठी वाचकाला कर्झन आठवतो तो वंगभंगाचा. पण १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या या माणसाला जुन्या इमारतींचं विलक्षण वेड होतं. १९०२ साली त्याने जॉन मार्शल यांच्याकडे पुरातत्त्व खातं सोपवलं, १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा करून घेतला, आणि आग्र्याच्या इमारतींच्या दुरुस्तीत तर जातीने लक्ष घातलं. ताजच्या आतल्या दालनात त्याला एक गोष्ट फार खटकली. मुमताजच्या कबरीपाशी अंधार असे. तिथे येणाऱ्यांना वाटाडे धूर ओकणाऱ्या साध्या कंदिलांच्या उजेडात संगमरवरातलं जडावकाम दाखवत. या जागेला शोभेल असा दिवा आपण द्यायचा, असं त्याने ठरवलं.

हा दिवा मिळवायला त्याला किती खटाटोप करावा लागला, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हिंदुस्थानात तसं काम करणारा कारागीर सापडला नाही. मग त्याने मोर्चा कैरोकडे वळवला. तिथला ब्रिटिश कारभार लॉर्ड क्रोमरच्या हाती होता. जुन्या मशिदींच्या जतनासाठी १८८१ पासून एक समितीही काम करत होती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला थोडाच काळ गादीवर बसलेला ममलूक सुलतान दुसरा बैबर्स, त्याच्या मशिदीतल्या एका दिव्याचा नमुना निवडला गेला. इजिप्तमध्ये असं काम करू शकणारे दोनच कारागीर उरले होते, असं कर्झन सांगतो. त्यांपैकी तोद्रोस बदीर याने हे काम अंगावर घेतलं. कांशाचा दिवा, त्यावर सोन्याचांदीचं जडावकाम, आणि वेळ लागला दोन वर्षं. लॉर्ड कर्झनने मुमताजमहालच्या कबरीसाठी दिलेली भेट, अशा आशयाचा फारसी मजकूर आणि १९०६ हे साल त्यावर कोरलेलं आहे. १९०९ साली तो कबरीवर टांगला गेला आणि आजही तिथेच आहे.

या कथेतली एक गोष्ट मात्र सहज पटत नाही. हिंदुस्थानात कारागीर मिळाला नाही, हे विधान कर्झनने करावं याचं नवल वाटतं. १९०२ च्या अखेरीस दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भरलेल्या भारतीय कलांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन त्यानेच केलं होतं. पोलादावर सोन्याची तार ठोकून बसवणारी पंजाबची कोफ्तगिरी, काळ्याभोर जस्तमिश्रित धातूत चांदी बसवणारं बीदरचं काम, असं सगळं तिथे मांडलेलं होतं. बीदरचा कारागीर धातूत बारीक खाच पाडतो, तिच्यात चांदीची तार दाबतो, वरून हलकेच ठोकतो आणि घासून सपाट करतो. कैरोतली पद्धत याच कुळातली. म्हणजे हात होते, हत्यारं होती. नव्हता तो फक्त कर्झनला हवा असलेला नमुना, कारण त्याच्या मनात भरला होता कैरोच्या मशिदींतला दिवा. सतराव्या शतकातल्या मोगल कबरीवर चौदाव्या शतकातल्या इजिप्तचा दिवा लटकवण्यात त्याला विसंगती दिसली नाही. मुसलमानी वास्तू म्हणजे सगळं एकच, ही त्या काळच्या साहेबाची समजूत त्यात डोकावते.

तरी दोन गोष्टींचं श्रेय त्याला द्यावंच लागतं. एक म्हणजे त्याने घाई केली नाही. बाजारातला झगमगीत दिवा आणून तो मोकळा झाला असता तर कुणी अडवणारं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे दिव्यावर देणाऱ्याचं नाव आणि साल स्पष्ट कोरलं. हा दिवा शाहजहानच्या काळातला आहे असा भास कुठे निर्माण केला नाही. पुढे १९६४ साली व्हेनिसमध्ये जतनतज्ज्ञांनी जी सनद मान्य केली, तिच्यातही हाच दंडक आहे: जुन्या वास्तूत नवी भर घालावी लागली तर ती मूळ वास्तूशी सुसंगत असावी, पण जुनी म्हणून खपून जाऊ नये.

असा दिवा घडतो कसा, ते आता पाहू.

सुरुवात मापापासून होते. कागदावर देखणा वाटलेला दिवा तीस-चाळीस फुटी कमानीत टांगला की खेळण्यासारखा दिसू शकतो, आणि देवडीच्या ठेंगण्या दारात तोच डोक्याला लागेल असा अवजड वाटतो. म्हणून जाणते कारागीर आधी पुठ्ठ्याचा पुऱ्या मापाचा सांगाडा करून तो प्रत्यक्ष जागी टांगतात. लांबून येताना, खाली उभं राहून आणि दारातून बाहेर पडताना, असा तिन्ही ठिकाणांहून तो पाहायचा. दिव्याचा तळ हा खालून जाणाऱ्याला सगळ्यात जास्त दिसणारा भाग, आणि नक्षी काढताना नेमका तोच विसरला जातो.

मग वजनाचा हिशेब. एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जवळपास नऊ किलो भरतं. समजा, चार फूट रुंद आणि सहा फूट उंच असा अष्टकोनी दिवा करायचा आहे. त्याच्या आठ बाजूंना मिळून सात-सव्वासात चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे नक्षी कापण्याआधीच साठ-पासष्ट किलो झाले, आणि त्यात सांगाडा, छत, कड्या, काच धरलेलीच नाही. जाळी कापली की वजन बरंच उतरतं. म्हणजे जाळीकाम हा नुसता शोभेचा भाग नाही. उजेड बाहेर पडायला, हवा आत यायला आणि भार कमी व्हायला तेच उपयोगी पडतं.

धातूची निवडही जागा पाहूनच करायची. तांबं मऊ, ठोकायला सोपं. त्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, कथील मिसळलं की कांसं. पितळ ताठ राहतं आणि घासलं की लखलखतं. कांसं ओतकामाला उत्तम आणि टिकायला चिवट. लोखंड सगळ्यात बळकट, पण गंजाशी त्याची कायमची लढाई. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पातळ लोखंडी पत्र्याचा दिवा लावणं म्हणजे दर दोन-चार वर्षांनी नव्या रंगाचा खर्च मागून घेणं.

तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो ताठरतो. मग तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. तो पुन्हा मऊ होतो आणि पुढची ठोकणी सुरू होते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे अजून पाहायला मिळतं. तिथे या कामाला मठारणं म्हणतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे एकसारखे ठोके ओळीने घालत जायचे. प्रत्येक ठोक्याने पत्रा दाबला जाऊन घट्ट होतो, आणि त्या बारीक खळग्यांवर उजेड पडला की भांडं चमचमतं. पेशवाईपासून घागरी, बंब, हंडे घडवणाऱ्या या हातांनी अलीकडे दिव्यांच्या शेडही करायला घेतल्या आहेत. बंबाला गिऱ्हाईक उरलं नाही, दिव्याला आहे.

जाळीचं काम याहून चिकाटीचं. नक्षी पत्र्यावर उतरवून घेतली की प्रत्येक आकृतीच्या पोटात एक भोक पाडायचं. करवतीचं केसाएवढं पातं त्यातून ओवायचं, चौकटीला ताणून बांधायचं आणि रेषेच्या आतल्या अंगाने कापत जायचं. एक चांदणी कापून झाली की पातं सोडायचं, शेजारच्या भोकात ओवायचं, पुन्हा बांधायचं. पातं जरा तिरकं झालं की तुटतं. कापून झालं की कानशीने कडा साफ करायच्या, कारण आत दिवा लागला की कडेवरचा प्रत्येक कंगोरा भिंतीवर मोठा होऊन दिसतो. उठावाची नक्षी असेल तर पत्रा राळेवर चिकटवून मागून आणि पुढून ठशांनी ठोकतात. राळ खालून आधार देते, त्यामुळे पत्रा फाटत नाही. आज लेझरने अशी जाळी झटपट कापून मिळते, आणि साध्या भौमितिक नक्षीला ते वाईटही नाही. पण जुन्या जाळीत दोन चांदण्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. शेजारच्या हातघडीच्या दगडकामापुढे यंत्राचा एकसारखेपणा लगेच डोळ्यांत येतो.

जोड कसे द्यायचे, हा कारागिराच्या कसोटीचा प्रश्न. कथील-शिशाचा डाख साधारण १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो. तेलाच्या ज्योतीवरची हवा आणि तिने तापलेलं छत याहून सहज जास्त गरम होतं. म्हणून जुन्या दिव्यांत वरच्या भागाला डाख न देता पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून रिव्हेट मारलेले दिसतात. खाली हवा आत घेणारी भोकं आणि वर धूर बाहेर सोडणारी टोपी, ही रचनाही ज्योतीच्या गरजेतून आली. एलईडी आल्यावर उष्णतेचा प्रश्न बराच सुटला. पण तरीही टोपी आणि भोकं ठेवावी लागतात, कारण बंद पेटीत पावसाळ्यात दमट हवा कोंडते आणि काचेवर आतून पाणी धरतं.

लोखंडातही दिव्याची कारागिरी किती उंचीवर जाऊ शकते, हे पाहायचं तर फ्लोरेन्सला जावं लागेल. तिथल्या स्ट्रोझी राजवाड्याचं काम १४८९ साली सुरू झालं. त्याच्या कोपऱ्यांवरचे लोखंडी दिवे निक्कोलो ग्रोस्सो या लोहाराने घडवले. खांब, त्यांचे माथे, कंगण्या, सगळं दगडात कोरावं तसं तापल्या लोखंडातून काढलेलं. चित्रकारांची आणि शिल्पकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने या लोहाराचं तोंडभरून कौतुक केलं आहे, आणि त्याचा स्वभावही नोंदवला आहे. इसार हातात पडल्याशिवाय तो कामाला हात लावत नसे, मग गिऱ्हाईक कितीही बडं असो. दुकानावरच्या पाटीवर त्याने जळणाऱ्या वह्यांचं चित्र रंगवून घेतलं होतं. कुणी उधारीचं नाव काढलं की तो पाटीकडे बोट दाखवी. वह्या जळताहेत, नवं खातं लिहायचं कशात? त्याचे दिवे मात्र पाच शतकांनंतरही त्या कोपऱ्यांवर आहेत.

याहून जुना दिवा जपानात नारा इथल्या तोदाईजी मंदिरापुढे उभा आहे. आठव्या शतकातला, कांशाचा, अष्टकोनी, सुमारे साडेचार मीटर उंच. बाजूंच्या जाळीदार झडपांवर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व आहेत. मागचं महाबुद्धाचं मंदिर ११८० आणि १५६७ साली युद्धांत जळालं. आजची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. दिवा मात्र या सगळ्यांतून वाचला. १९६२ साली चोरट्यांनी त्याची एक झडप उचकटून नेली होती, ती पुढे सापडली. हा दिवा टांगलेला नाही, दगडी जोत्यावर उभा आहे. त्याच्या दीर्घायुष्यात या साध्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

टांगलेल्या दिव्याचं सगळं आयुष्य आकड्यावर आणि साखळीवर अवलंबून असतं. कमानीतल्या वाऱ्याने दिवा सतत थोडा थोडा हलत असतो. कडीवर कडी घासते आणि वर्षानुवर्षांच्या घासणीने कडीचा पोटाकडचा भाग झिजून निम्म्यावर येतो. खालून हे दिसत नाही. शिवाय तांब्याचा दिवा आणि लोखंडी आकडा अशी जोडी असेल, तर ओलाव्यात त्या दोन धातूंमध्ये विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. त्यात तांबं वाचतं आणि लोखंड वेगाने गंजतं. न्यूयॉर्क बंदरात उभ्या असलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला याच रोगाने ग्रासलं होतं. बाहेर तांब्याचं कवच, आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आणि दोहोंमध्ये घातलेला थर कालांतराने निकामी झालेला. १९८६ साली शताब्दीच्या आधी बहुतेक लोखंडी पट्ट्या काढून तिथे स्टेनलेस स्टील बसवावं लागलं. हातातल्या मशालीची कथाही बोलकी आहे. १९१६ साली तिच्या ज्योतीचं तांबं कापून काचेची तावदानं बसवली गेली, आतून दिवे लावले गेले. त्या सांध्यांतून पाणी झिरपत राहिलं. शेवटी त्याच दुरुस्तीत ती मशाल उतरवून सोन्याचा वर्ख दिलेली नवी ज्योत चढवली, आणि तिच्यावर उजेड बाहेरून पाडला.

जुन्या काळी टांगलेल्या दिव्यांची देखभाल आपोआप होई. तेल घालायला, वात कापायला, काजळी पुसायला कप्पीवरून दिवा खाली उतरवावा लागे. दिवाबत्तीवाल्याच्या हाताखालून साखळी रोज जाई. कडी झिजली तर त्याला ते आधी कळे. वीज आली आणि हे रोजचं उतरवणं थांबलं. बटण दाबलं की उजेड. दिवा वरच्या वर राहिला आणि आकड्याकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकेना. ऐतिहासिक दारांतल्या दिव्यांवरचं खरं संकट हे आहे. घडणीत कसूर झाल्याने पडलेले दिवे थोडे, टांगून विसरल्याने पडलेले जास्त.

म्हणून आज असा दिवा करताना जाणकार काही गोष्टींचा आग्रह धरतात. आकडा जुन्या दगडात नवं भोक पाडून बसवायचा नाही. असलेली कडी तपासून वापरायची किंवा भार पेलणारी स्वतंत्र पट्टी अशी बसवायची, की उद्या काढली तर दगडावर ओरखडा राहणार नाही. मुख्य साखळीच्या जोडीला दुसरी, सैल सोडलेली सुरक्षा साखळी हवीच. तांबं आणि लोखंड थेट भिडू नयेत म्हणून मध्ये वेगळा थर द्यायचा. आणि दिवा खाली उतरवण्याची सोय कायम ठेवायची, मग आत बल्ब असो की वात.

हे सगळं महाराष्ट्रातही कामाचं आहे. गेल्या काही वर्षांत दुर्गप्रेमी संस्थांनी वर्गणी काढून अनेक किल्ल्यांना नवे लाकडी दरवाजे बसवले. गावोगावच्या देवस्थानांत महाद्वारासाठी पितळी दिवे देणारे भाविकही कमी नाहीत. हौस मोठी आहे आणि पुण्याच्या तांबट आळीपासून ठिकठिकाणच्या कासारांपर्यंत हातही आहेत, कैरोला जायची गरज नाही. मात्र स्मारक संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे खिळाही ठोकता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत तर नव्या बांधकामाला बंदीच आहे. तेव्हा दिवा द्यायचा असेल तर आधी परवानगी, मग माप, मग वजन आणि शेवटी नक्षी, या क्रमाने जावं. दिव्यावर कारागिराचं नाव आणि साल कोरून घ्यावं. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तो खाली उतरवून साखळी आणि आकडा तपासण्याची जबाबदारी कुणाची, खर्च कुणाचा, हे देणगी स्वीकारतानाच संस्थेने कागदावर लिहून घ्यावं.